मधली

"ही बाई आपल्या घरात कधीपासून आहे?"

वडिलांनी हे पश्तोत विचारलं. आवाज खाली होता आणि नजर कपावरून हलली नव्हती. टेबलापलीकडे आई पावाला लोणी लावत होती. तिला पश्तो येत नव्हती. या माणसाबरोबर चाळीसएक वर्षं संसार करूनही येत नव्हती, आणि त्याला कारण होतं, ते पुढे येईलच. तिने सुरी थांबवली आणि मुलीकडे पाहिलं.

"काय म्हणाले गं हे?"

"चहात साखर कमी आहे म्हणतात," मुलीने तुर्कीत सांगितलं.

आई लगबगीने उठली. तिने साखर घातली, ढवळली, कप पुढे सरकवला आणि जाता जाता नवऱ्याच्या खांद्यावर थोपटलं. तो हात निघून जाईपर्यंत वडील ताठ बसून राहिले. मग त्यांनी कपात डोकावून पाहिलं, वर अजून भोवरा फिरत होता.

"पाहिलंस?" ते मुलीला म्हणाले. "तुझ्या देखत घातलं काहीतरी."

चहा त्यांनी घेतला नाही. तो निवला, त्यावर साय धरली, आणि शेवटी आईने तो सिंकमध्ये ओतला. ओतताना म्हणाली, हल्ली यांची चव गेलीय वाटतं.

मुलगी एकुलती एक, पण घरात तिचं नाव मधली. तिच्या पुढे कोणी नव्हतं, मागे कोणी नव्हतं, तरी ती मधलीच. कारण ती बोलायला लागली तेव्हापासून आईबापांच्या मध्ये उभी होती. वडिलांशी पश्तो, आईशी तुर्की, आणि ते दोघं एकमेकांशी बोलत ती या शहराची भाषा, जी दोघांनीही पोटासाठी इथे आल्यावर बाजारात आणि रांगांमध्ये उभं राहून उचलली होती. भाड्याच्या खोलीत संसार थाटावा तसा त्या दोघांनी तिसऱ्याच भाषेत संसार थाटला. खोली चांगली होती. छप्पर गळत नव्हतं. फक्त ती स्वतःची नव्हती, हे कोणाच्या ध्यानात राहिलं नाही.

वडिलांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं. आई शिवणाच्या कारखान्यात होती. तिच्या खोलीच्या दाराचं कुलूप बिघडलं म्हणून ती दुकानात आली आणि 'किलित, किलित' म्हणू लागली. तुर्कीत किलित म्हणजे कुलूप. वडिलांच्या भाषेत किली म्हणजे किल्ली. त्यांनी तिला तीनदा किल्ल्या दाखवल्या, तिने तीनदा मान हलवली, आणि चौथ्या खेपेला दोघंही हसू लागले. पुढे हा किस्सा प्रत्येक पाहुण्याला ऐकावा लागे, इच्छा असो वा नसो.

जेवताना त्यांचा आवडता उद्योग होता भाषांची तुलना. कुणाची भाषा खरी, यावर ते दोन वकिलांसारखे भांडत. किताब, दोस्त, दुनिया, हवा, सबर, इन्सान हे शब्द दोघांकडेही होते. आई म्हणे, तुम्ही आमचे चोरले. वडील म्हणत, चोरी दोघांनीही एकाच घरी केली, आता वाटणीवरून कशाला भांडतेस. पाण्याला हे म्हणत ओबा, ती म्हणे सू. घराला हे कोर, ती एव. भाकरीला हे डोडई आणि ती एकमेक. (हो, एकमेकच. आपल्या कानाला गंमत वाटते, पण तुर्की माणूस भुकेला असला की एकमेकच मागतो.) वडिलांच्या भाषेत प्रत्येक वस्तू बाई किंवा पुरुष होती, कुलूप पुरुष आणि किल्ली बाई. आईच्या भाषेत माणसातही हा भेद नव्हता, तो आणि ती एकाच शब्दात भागत. त्यामुळे ती शहराच्या भाषेत पोस्टमनला 'आली' म्हणे आणि घरमालकिणीला 'आला', आणि वडील डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत. ती म्हणे, आमच्यात डोळ्यांनी पाहिलेलं आणि नुसतं ऐकलेलं यांची क्रियापदंच वेगळी असतात, अफवा पसरवायची तरी व्याकरण लागतं. ते म्हणत, आमच्याकडे अफवेला व्याकरण लागत नाही, शेजारी पुरतात. स्वयंपाकघरातल्या फळ्यावर निरोप लिहायचे असले की वडील उजवीकडून लिहीत येत आणि आई डावीकडून, आणि मधली शाळेतून आली की दोन्ही वाचून कामाला लागे. एका गोष्टीत मात्र दोन्ही भाषा आपल्यासारख्याच होत्या. क्रियापद शेवटी. माणसाने केलं काय, ते वाक्य संपेपर्यंत कळत नाही.

आणि या घरात एक कायदा होता. रागाच्या भरात आपापल्या भाषेत जे पुटपुटलं जाईल, त्याचा अर्थ विचारायचा नाही. शिकायचाही नाही. नवराबायको म्हटली की भांडण आलंच, आणि प्रत्येकाला शिव्या द्यायला एक स्वतःची जागा हवी, असं दोघांचं मत होतं. म्हणून चाळीस वर्षं शेजारी झोपूनही दोघांनी एकमेकांची भाषा हट्टाने शिकली नाही. मधलीला दोन्ही कळे, पण तिला शपथ होती. बाप भांडी घासताना आईच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असे, आई विचारी, काय चाललंय यांचं, आणि सहा वर्षांची मधली सांगे, भांडी छान निघाली म्हणतात. सगळे जाणून होते आणि सगळे हसत. तिथेच तिच्या जिभेला वळण लागलं. लहानपणी लागलेलं वळण आणि कपड्याला पडलेली चुणी सहजी जात नाही.

मोठेपणी ती एका मोठ्या रुग्णालयात दुभाषी झाली, आणि तिथला कायदा बरोबर उलटा होता. बोललं गेलेलं सगळं न्यायचं. गाळायचं नाही, गोड करायचं नाही. आणि 'ते म्हणतात' असं म्हणायचं नाही. डॉक्टर 'मी' म्हणाले की आपणही 'मी' म्हणायचं, रोगी 'मी' म्हणाला तरी 'मी'च. दुभाष्याने खोलीत असून नसल्यासारखं बसायचं. मधली हे इतकं चोख करी की नव्या लोकांना शिकायला तिच्याशेजारी बसवत. एकदा एका म्हातारीच्या मुलाने दाराबाहेर तिचे हात धरले आणि विनवलं, आईला सगळं सांगू नका, ती मरून जाईल. मधलीने त्याचे हात सोडवले. आत जाऊन ती डॉक्टरांच्या सुरात म्हणाली, "मी तुमचे रिपोर्ट पाहिले. आजार पसरला आहे. मला तो बरा करता येणार नाही." म्हातारी मरून गेली नाही. तिने विचारलं, किती दिवस, आणि मुलाला कोट घालायला सांगितलं.

त्याच मधलीने घरी आईला चहातल्या साखरेचं खोटं सांगितलं होतं.

वडिलांच्या डोक्यातून शब्द जायला लागले त्याला दोन हिवाळे झाले. स्मृतीच्या आजाराच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की पुष्कळदा शेवटी आलेलं आधी जातं. तसंच झालं. शहराची भाषा आधी विरळ झाली, मग भोकं पडली, आणि एके दिवशी वडील तिच्यातून पार निघून गेले. ते पश्तोत परत आले तेव्हा तिथे आई कुठे नव्हती, कारण आई त्या भाषेत कधी राहिलीच नव्हती. डॉक्टर म्हणाले, हात मात्र शेवटपर्यंत विसरत नाहीत. हे ते धीर देण्यासाठी म्हणाले.

आईला एवढंच माहीत होतं की नवऱ्याची बोली गेली. माणूस गेला हे माहीत नव्हतं. एकदा कपडे वाळत घालताना ती म्हणाली, "बाकी सगळं विसरू देत. दुकान विसरू देत, घर विसरू देत. मला विसरले तर मात्र मी काय करायचं गं?" मधलीने तिला पुढचा चिमटा दिला. त्या दिवसापासून ती, बाबा आईला विसरलेत हे तिला कळू न देण्याच्याच कामाला लागली. सकाळी कामावर जाताना एक फेरी, परतताना एक. दोन गल्ल्या पलीकडे तिचं घर होतं, एकटीचं.

तिने खरं सांगून पाहिलं नाही असं नाही. एकदा वडिलांपुढे बसून ती पश्तोत म्हणाली, "बाबा, ही आई आहे. हीच तुमची बायको." वडील तिच्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिले. मग त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

"तूही तिला सामील झालीस?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती, आणि बापाच्या डोळ्यांत आपल्याविषयीची भीती पाहणं कोणत्या मुलीला सोसेल. तिने विषय बदलला. पण त्या दिवसापासून ते तिलाही कमी सांगू लागले. जे सांगत ते तुकड्या-तुकड्यांनी, आई खोलीबाहेर गेल्याची खात्री करून. या बाईने माझ्या बायकोला कुठेतरी नेऊन ठेवलंय. हिने तिचे कपडे घातलेत. मी झोपलो की ही खोलीत येते. मधली हे सगळं ऐके आणि आई दारात दिसली की म्हणे, बाबांना ऊन बघून बरं वाटलं. बाबा तुझ्या स्वेटरचं कौतुक करतायत. आई स्वेटर खाली ओढून नीट करी आणि वडील त्या ओढण्याकडे पाहत राहत.

मग एका रविवारी ती घरी आली तर स्वयंपाकघरातून ड्रिलचा आवाज येत होता.

स्वयंपाकघराला लागून एक कोठीची खोली होती, खिडकी नसलेली. पीठ, कांदे, जुन्या सुटकेसी, असलं सगळं आत असे. वडील गुडघ्यावर बसून तिच्या दाराला बाहेरून कडी बसवत होते. दुकानातली जाड, लोखंडी कडी, गोदामाच्या दाराला लावतात तसली. आणि आई शेजारी उभी राहून तळहातावर स्क्रू धरून होती. वडील न बघता हात मागे करत, ती हातात स्क्रू ठेवी. दुकान होतं तेव्हा गर्दीच्या दिवशी ती अशीच उभी राहायची. तिचा चेहरा उजळला होता.

"बघ," ती म्हणाली, "किती दिवसांनी हातात हत्यार घेतलंय. एकदाही चुकले नाहीत."

खरंच चुकले नव्हते. कडी समतल होती, भोकं नेमकी होती. वडिलांनी ती एकदा सरकवून पाहिली, मागे घेतली, पुन्हा सरकवली. मग कपाळावरचा घाम पुसत ते मुलीला म्हणाले, हवापाण्याच्या गोष्टी कराव्यात इतक्या सहज, "ही आत गेली की लावतो. अंधारात बसली की तोंड उघडेल. सांगेल तिला कुठे ठेवलंय ते."

"काय म्हणाले?" आईने विचारलं.

मधलीच्या तोंडात वाक्य तयार होतं. खरंही तयार होतं. पण आईच्या तळहातावर दोन स्क्रू उरले होते आणि ती ते मोती धरावेत तसे धरून होती.

"दार वाऱ्याने आपटतं म्हणतात," मधली म्हणाली. "तुझी झोपमोड होते."

"बघ," आई म्हणाली. "मी म्हटलं नव्हतं? काळजी आहे अजून."

तिने उरलेले दोन स्क्रू नवऱ्याच्या हातात ठेवले. त्यांनी घेतले, आभाराला मान डोलावली, अनोळखी माणसाला डोलावतात तशी.

मधलीने ठरवलं, उद्या ते दुपारी झोपले की कडी काढून टाकायची. सोमवारी कामावर एक जण आजारी पडली आणि तिला दोघींचं काम करावं लागलं. मंगळवारी वडील दुपारी झोपलेच नाहीत. शिवाय तिने मनाची समजूत काढली की माणूस बोलतो पुष्कळ, करतो थोडंच. ही समजूत ज्यांनी काढली त्यांची आजवर काही कमी फजिती झालेली नाही, पण ती काढल्याशिवाय झोप येत नाही हेही खरं.

बुधवारी ती रुग्णालयात होती. फोन खणात ठेवून खोलीत जायचं हा नियम. बाहेर आल्यावर तिने घरी फोन लावला, तो वाजून बंद झाला. आई सामान आणायला गेली असेल. पुढच्या रोग्यानंतर पुन्हा लावला. पुन्हा वाजून बंद. तिसऱ्या खेपेला फोन उचलला गेला, पण पलीकडे कोणी बोललं नाही. नुसता श्वास, आणि त्या श्वासामागे लांबून, कुठूनतरी, ठक ठक ठक. मग फोन नीट खाली ठेवल्याचा आवाज आला.

ती कोट न घेताच निघाली. रस्त्यात बर्फाचा चिखल होता, ती दोनदा घसरली. जिना चढताना तिने कान दिला. ठक ठक ऐकू येत नव्हतं. ऐकू यायला हवं होतं, असं तिला वाटत होतं आणि तसं वाटण्याचीही भीती वाटत होती.

वडील कोठीच्या दारासमोर खुर्ची टाकून बसले होते. अंगात जुना कोट, हात गुडघ्यांवर, केस पाणी लावून बसवलेले. कडी लावलेली होती. ते मुलीकडे वळून म्हणाले, "अजून सांगत नाही. सकाळपासून विचारतोय. चांगल्या शब्दांत विचारलं. कुठल्यातरी परक्या भाषेत ओरडत होती. आता तर तेही बंद केलंय."

मधलीने त्यांना बाजूला ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा बापाला हात लावून ढकललं. कडी घट्ट बसली होती, चांगल्या कारागिराची होती, ती सरकायला तिला दोन्ही हात लावावे लागले.

आई आत सुटकेसवर बसली होती. जिवंत होती. गुडघे पोटाशी घेतलेले, अंगावर पिठाचं रिकामं पोतं पांघरलेलं. बोटांची सालपटं निघाली होती. उजेड आला तसे तिने डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा तिने मुलीकडे पाहिलं नाही. मुलीच्या खांद्यावरून नवऱ्याकडे पाहिलं.

"हे सारखं एकच विचारत होते," ती म्हणाली. आवाज बसला होता. "दिवसभर. दारापाशी तोंड आणून, तेच तेच. काय विचारत होते?"

मधलीने तिला उठवायला हात पुढे केला.

"मी शहराच्या भाषेत हाका मारायला हव्या होत्या. आठवेच ना, मेली. घाबरले तशी नुसती तुर्की यायला लागली. ते तिकडून त्यांचं बोलत होते, मी इकडून माझं." तिने पोतं बाजूला केलं. "काय विचारत होते, मधले?"

मग मधलीने सांगितलं. स्वयंपाकघरात आईच्या बोटांवर पाणी ओतता ओतता सांगितलं. आईने कुठेही अडवलं नाही, फक्त मध्ये मध्ये विचारलं. ऊन बघून बरं वाटलं ते? नाही. स्वेटर? नाही. साखर? नाही, तीही नाही. स्क्रूचं विचारायला तिने तोंड उघडलं आणि मग स्वतःच मिटलं. दाराकडे एकदा पाहिलं. वडील पलीकडे आपल्या खुर्चीत जाऊन बसले होते, हरल्यासारखे.

"लोकांच्या आयांना खरं सांगतेस," आई म्हणाली. "तोंडावर. आणि मला?"

"तुला सहन झालं नसतं."

"ते तू ठरवलंस." आईने हात पुसले. तिचा राग मधलीने आयुष्यभर पाहिला होता, त्यात भांडी आपटत. हा तसला नव्हता आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. "मी त्यांच्या हातात एकेक स्क्रू देत होते गं. आनंदाने."

मधली रडली. आईने तिला जवळ घेतलं नाही. हातातला पंचा पुढे केला आणि म्हणाली, "झालं? तोंड धू. आणि चल, बस आमच्या मध्ये. तिथे रुग्णालयात बसतेस तशी. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही."

तिघं टेबलाशी बसले. मधली मध्ये, खुर्ची जराशी मागे घेऊन. दुभाष्याकडे नाही, एकमेकांकडे पाहून बोला, हे रोग्यांना दर वेळी सांगावं लागतं. आईला सांगावं लागलं नाही. ती नवऱ्याच्या डोळ्यांत बघत होती.

"विचारा," ती म्हणाली. "काय विचारायचंय ते मला विचारा."

मधलीने ते पश्तोत नेलं. वडिलांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग त्या बाईकडे. बाई पळत नव्हती, ओरडत नव्हती. ते पुढे झुकले. मधली त्यांच्या सुरात बोलू लागली.

"माझी बायको कुठे आहे? तुम्ही तिला कुठे ठेवलंय?"

आईच्या पापण्या हलल्या. एवढंच. "कशी आहे तुमची बायको?" तिने विचारलं.

वडिलांना हा प्रश्न आवडला असावा. त्यांचे हात गुडघ्यांवरून टेबलावर आले. मधली बोलत होती, "मी", "माझी", आणि आपण कुठे आहोत हे विसरायचा प्रयत्न करत होती. "माझी बायको ठेंगणी आहे. हसताना तोंडावर हात धरते, पुढचा दात मोडलाय म्हणून. रागावली की भांडी आपटते पण आजवर एक फोडलं नाही. मी तिला कधी चांगलं बोललो नाही. बोलायचो, पण माझ्या भाषेत, पाठ फिरवून. तिला वाटायचं शिव्या देतोय. मी ते तसंच वाटू दिलं." वडील थांबले. मधलीही थांबली. क्रियापद अजून यायचं होतं. "आता तिला हाक मारायचीय, तर कोणत्या भाषेत मारायची तेच मला आठवत नाही."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. आईचा हात तोंडापर्यंत गेला आणि अर्ध्यावरून परत आला. बोलली तेव्हा तिचा आवाज कारखान्यात मुकादमाशी बोलताना लागायचा तसा होता, अदबीचा आणि कोरडा.

"तुमच्या बायकोनेच मला ठेवलंय," ती म्हणाली. "तिला गावाला जावं लागलं. ती येईपर्यंत घरातलं बघायला सांगितलंय. स्वयंपाक, औषधं. मी कामाला येते."

मधलीने आईकडे पाहिलं. हे खोटं होतं, पण तिचं नव्हतं, आणि नियमात खऱ्याखोट्याची निवड दुभाष्याकडे नसते. तिने ते शब्दन्‌शब्द नेलं.

वडिलांचे खांदे उतरले. कितीतरी महिन्यांत ते असे उतरले नव्हते. "तिने ठेवलंय?" त्यांनी दोनदा विचारलं, आणि दोन्हीदा आईने मान डोलावली. "मग हे आधी का नाही सांगितलंत? मी तुम्हाला कोंडलं. वाईट केलं मी. मला क्षमा करा, बाई."

"असू दे," आई म्हणाली. "तुम्हाला माहीत नव्हतं."

"ती कधी येणार?"

"सांगून नाही गेली."

वडील विचार करत होते. मग ते अवघडून बोलले, आणि मधलीला आयुष्यात कुठलंही वाक्य उचलताना इतकं जड गेलं नव्हतं, रुग्णालयातलीही नाहीत. "एक सांगतो, राग मानू नका. दिवसा या, पाहिजे तेवढं थांबा. पण रात्री इथे राहू नका. ती अचानक आली आणि घरात परकी बाई दिसली, तर तिला काय वाटेल?"

आईने खाली पाहिलं. टेबलावर सकाळचे पावाचे कण पडले होते, ते तिने एका बाजूला गोळा केले.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली.

संध्याकाळी तिने एका पिशवीत रात्रीचे कपडे घेतले, चष्मा घेतला, रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या. मधलीने आपल्या घराची किल्ली तिला दिली. मधली इथे राहणार होती, आई तिथे, आणि सकाळी आई दार वाजवून आत येणार होती. किती दिवस, ते दोघीही बोलल्या नाहीत. कपाटापाशी आई जरा घोटाळली. मग स्वतःचा चांगला कोट तिने तिथेच टांगलेला राहू दिला आणि जुना अंगावर चढवला.

ती दारापाशी स्टुलावर बसून बूट घालत होती. वडील आतून आले. पाहुणी निघाली की घरच्या माणसाने दारापर्यंत यावं, तसे आले. त्यांनी काही विचारलं आणि मधली म्हणाली, "बाहेर निसरडं झालंय. तुम्हाला लांब जायचंय का?"

"दोन गल्ल्या."

"घरी कोण असतं तुमच्या?"

आई बुटाची नाडी बांधत होती. तिने गाठ पुरी केली.

"नवरा असतो."

"मग निघा लवकर. वाट बघत असेल."

"हो," आई म्हणाली. "बघतोय तो वाट."

मधलीने तेही नेलं. वडिलांनी समजल्यासारखी मान हलवली. आई उठली, पिशवी घेतली आणि कठड्याला धरून जिना उतरू लागली. जिन्यातला दिवा गेलेला होता. ती खालच्या वळणाला पोचेपर्यंत वडील दार सताड उघडं धरून उभे राहिले, तिच्या पायऱ्यांवर उजेड पडावा म्हणून.